नळी फोडणारा पोरगा



महाड आणि पोलादपूर तालुक्यांतले शिक्षक, ग्रंथपाल, पालक आणि मुले जमलेल्या या बालकुमार साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिले आहे. मुले सकाळपासून बसली आहेत, म्हणून आधी एक गोष्ट सांगतो. मोठ्यांशी बोलायचे ते त्या गोष्टीच्या आधारानेच बोलेन.

थॉर तुम्हाला माहीत आहे. हातोडेवाला, विजांचा देव. त्याचा रथ दोन बोकड ओढत. एकदा प्रवासात रात्र झाली म्हणून थॉर आणि त्याचा सोबती, खोडकर देव लोकी, एका गरीब शेतकऱ्याकडे मुक्कामाला उतरले. त्या घरात पाहुण्यांपुढे ठेवायला काही नव्हते. थॉरने आपलेच दोन्ही बोकड कापले, कालवण शिजवले आणि घरातल्या सगळ्यांना जेवायला बसवले. अट एकच होती. हाडे मोडायची नाहीत, खाऊन झाली की बाजूला पसरलेल्या कातड्यांवर टाकायची. शेतकऱ्याच्या मुलाचे नाव थ्यालफी. त्याच्या वाट्याला मांडीचे हाड आले. आता नळी हातात आल्यावर ती फोडून आतला मगज चोखल्याशिवाय कोणता पोरगा राहील? त्याने सुरीने नळी फोडली, मगज चोखला आणि तुकडे गुपचूप कातड्यावर टाकले. सकाळी थॉरने कातड्यांवर हातोडा धरला. बोकड जिवंत होऊन उठले, पण एक मागच्या पायाने लंगडू लागला. थॉरने हातोडा असा आवळला की त्याच्या बोटांची पेरे पांढरी पडली. घरातली माणसे रडू लागली, जे आहे ते सगळे घ्या म्हणाली. त्यांची भीती पाहून थॉरचा राग उतरला. भरपाई म्हणून त्याने थ्यालफीला आणि त्याची बहीण रोस्क्वाला बरोबर घेतले. पुढे राक्षसांच्या देशात थ्यालफी एका अजब गड्याबरोबर शर्यतीत धावला आणि हरला. तो गडी म्हणजे साक्षात विचार होता, आणि विचाराच्या वेगाने कुणाला धावता येते?

या गोष्टीत मूल कसे शिरले, ते मोठ्यांनी नीट पाहावे. पराक्रमामुळे शिरले नाही. भूक लागली, मोह झाला, हातून आगळीक घडली आणि तिथून त्याचे साहस सुरू झाले. देव रागावला, पण त्याला शाप देऊन मोकळा झाला नाही. सोबत घेऊन निघाला. उत्तर युरोपातल्या या जुन्या कथांवर तिकडच्या लेखकांना पुन्हा पुन्हा मुलांच्या साहसकथा उभ्या करता आल्या, त्याचे मूळ मला इथे दिसते. तिथले देव चुकतात, फसतात, म्हातारे होतात. देवांचा प्रमुख ओडिन, त्याने शहाणपणासाठी एक डोळा दिला आहे. अशा देवांच्या शेजारी मुलाला उभे राहता येते, प्रश्न विचारता येतो, कधी त्यांना वाटही दाखवता येते.

या कथा आपल्यापर्यंत आल्या त्या प्रामुख्याने आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनमुळे. इसवी सन १००० च्या सुमारास आइसलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर दोनेक शतकांनी, १२२० च्या सुमारास, स्नोरीने 'एड्डा' लिहिली. तो स्वतः ख्रिस्ती होता, राजकारणी होता आणि १२४१ मध्ये राजकारणातच मारला गेला. जुन्या देवांवर त्याची श्रद्धा नव्हती. तरुण कवींना जुन्या कवितांतले संदर्भ कळेनासे झाले, तर ती कविताच मरेल, ही त्याची काळजी होती. म्हणून त्याने गोष्टी लिहून ठेवल्या. नॉर्वेच्या राजांचा इतिहास म्हणजे 'हाइम्सक्रिंगला', तोही त्याच्याच नावावर आहे. इतिहासाचे पुस्तक वेगळे, गोष्टींचे वेगळे. या वेगळेपणाकडे मी पुन्हा येणार आहे.

मराठी मुलांची स्नोरीशी गाठ फार पूर्वी पडली आहे. ज्यूल व्हर्नच्या १८६४ च्या कादंबरीत एक प्राध्यापक जुन्या पुस्तकांच्या दुकानातून स्नोरीच्या याच राजकथांची हस्तलिखित प्रत आणतो. तिच्यातून प्राचीन लिपीतला एक चिठोरा पडतो आणि त्या चिठोऱ्यापायी तो आइसलंडच्या ज्वालामुखीतून पृथ्वीच्या पोटात उतरतो. भा. रा. भागवतांनी ती कादंबरी 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' म्हणून मराठीत आणली. याच भागवतांनी आपल्याला फास्टर फेणे दिला. हा फास्टर म्हणजे बनेश फेणे, फुरसुंगीचा, शिकतो पुण्यात. भागवतांनी जगभरचे साहस वाचले, पचवले आणि आपला नायक मात्र एका खऱ्या, नकाशावर सापडणाऱ्या गावातून उचलला. मराठी साहसकथेला त्यांनी दिलेला हा सर्वांत मोठा धडा आहे, आणि तो आपण पुरता गिरवलेला नाही.

इंग्लंडमध्ये ॲलन गार्नरने हेच अधिक हट्टाने केले. चेशायर परगण्यातली ऑल्डर्ली एज ही टेकडी म्हणजे त्याचे लहानपण. खाली जुन्या खाणींचे बोगदे, वर झाडी, आणि टेकडीच्या पोटात झोपलेल्या शूरवीरांची दंतकथा. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दगडाचे काम चाले. ही दंतकथा त्याने आजोबांकडून ऐकली. १९६० साली आलेल्या 'द वीअर्डस्टोन ऑफ ब्रिसिंगामेन' या पहिल्याच पुस्तकात त्याने उत्तरेकडच्या कथांतले काळे बुटके, लांडगे आणि पाताळातली दुष्ट शक्ती त्या टेकडीखाली आणून सोडली, आणि कॉलिन व सुझन या भावंडांना त्या खाणींतून सरपटायला लावले. बोगदा इतका अरुंद की श्वास घेतला तरी छाती दगडाला घासते. ही पाने वाचताना मोठ्या माणसाचाही जीव घुसमटतो. वाट, विहीर, खडक सगळे खरे असल्यामुळे वाचक पुस्तक घेऊन ती टेकडी चढतात. याच कथांवरच्या नील गेमनच्या २००८ च्या छोट्या पुस्तकात ऑड नावाचा मुलगा आहे. बाप गेलेला, पाय झाडाखाली चिरडून अधू झालेला. हिवाळा संपत नाही, कारण हिमराक्षसाने देवांची नगरी बळकावली आहे. ऑड कुबडी घेऊन तिथवर जातो, राक्षसाशी बोलतो आणि त्याला घरची आठवण येते आहे हे ओळखतो. तलवार उपसली जात नाही आणि हिवाळा संपतो. रिक रायर्डनने २०१५ पासून हेच देव अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात उतरवले. त्या पुस्तकांचा वेग मुलांना आवडतो, पण मला स्वतःला गार्नरची टेकडी अधिक मोलाची वाटते.

आता आपल्या टेकड्यांकडे वळतो.

महाशिवरात्रीनंतर महाडच्या वीरेश्वराचा छबिना निघतो. गावोगावच्या पालख्या आणि काठ्या महाडात येतात, विन्हेऱ्याची झोलाई येते. देव एकमेकांना भेटतात, त्यांच्यात बहीणभावाची नाती आहेत, मानपान आहेत, रुसवेफुगवे आहेत. आपल्या आजीला त्यांतली एकेक गोष्ट ठाऊक आहे. काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनीचा डोह. कठड्याशी उभे राहून मूठभर कुरमुरे टाकले की आधी पाण्यावर नुसती थरथर उठते, मग काळसर पाठी दिसतात आणि बघता बघता हातभर लांबीचे मासे तोंडे वासून वर येतात. इथले मासे कुणी धरत नाही. देवीचे मासे म्हणून गावाने ते राखले आहेत. मुलांनो, समजा एका रात्री कुणीतरी या डोहात जाळे टाकले, आणि ते दोन मुलांनी पाहिले. पुढे काय होईल? जाळे टाकणारा ओळखीचाच निघाला तर? सांगायचे कुणाला? देवी येईल की मुलांनाच पाण्यात उतरावे लागेल? मंगळगड आहे, ढवळ्याच्या रानातला चंद्रगड आहे, गांधारपाल्याची लेणी आहेत, शिवथरची घळ आहे, सवचे गरम पाण्याचे झरे आहेत. गार्नरला एक टेकडी पुरली. आपल्याकडे नजर जाईल तिथवर डोंगर आहेत आणि त्यांवर मुलांसाठी लिहिलेली साहसकथा मात्र हाताच्या बोटांवर मोजावी लागते.

असे का झाले? माझे मत स्पष्ट सांगतो. आपण सगळी साहसे शिवकालाच्या स्वाधीन केली आणि त्या साहसांत मुलाला हात जोडून उभे केले. रायगडाच्या पायथ्याशी बोलताना हे जपून बोलले पाहिजे, म्हणून नीट सांगतो. महाराजांविषयीचा आदर मुलांच्या मनात असलाच पाहिजे. पण नुसत्या आदराने गोष्ट पुढे सरकत नाही. गोष्टीतल्या मुलाला काही ठरवावे लागते, चुकावे लागते, निस्तरावे लागते. उमरठला तानाजींची समाधी आहे. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातली घोरपड मुलांना सर्वांत आधी आठवते, इतिहासकार तिला मान्यता देत नाहीत. मला दोघांचेही म्हणणे पटते. स्नोरीसारखी दोन वेगळी पुस्तके आपण ठेवली, तर इतिहासाची शिस्तही राहील आणि घोरपडही कड्यावर चढेल. गोंधळ होतो तो एकाच पुस्तकात दोन्ही कोंबल्यामुळे. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. महाराजांच्या हयातीत संस्कृतात 'शिवभारत' रचणारा हा कवी. ते काव्य अपुरे राहिले. ज्या गावाने असा कवी आपल्या मातीत जपला, त्या गावातल्या मुलांच्या हाती त्यांच्या रानाची, त्यांच्या नद्यांची गोष्ट नसावी, याचे मला वाईट वाटते.

आणखी एक सावधगिरी. थॉर-ओडिनच्या याच कथा आणि त्यांची जुनी लिपी विसाव्या शतकात नाझींनी आपल्या वंशाच्या अहंकारासाठी वापरली. आपल्या सैनिकांच्या गणवेशावर त्यांनी ती चिन्हे चढवली. दैवतकथा एका जमातीच्या मालकीची केली की तिचे हत्यार होते. म्हणून इथली साहसकथा लिहिताना नायक कोण, हा प्रश्न आधी सोडवा. कातकरी वाडीतली मुलगी असेल का? धनगराचा पोर असेल का?

महाडमध्ये तर हा प्रश्न टाळताच येणार नाही. लाडवलीत १९०३ साली जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे शिष्यवृत्ती मिळवूनही इथल्या इंग्रजी शाळेत घेतले गेले नाहीत, कारण ते अस्पृश्य होते. वय अकराच्या आसपास. त्या पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहिले. पत्राचा बोभाटा झाला आणि शाळेला दार उघडावे लागले. पुढे १९२७ च्या महाड परिषदेच्या उभारणीत हेच मोरे पुढे होते आणि २० मार्चला बाबासाहेबांबरोबर हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली. अकरा वर्षांचा मुलगा, एक पत्र आणि बंद दार. यापेक्षा मोठे साहस मला तरी ठाऊक नाही, आणि मुलांसाठी त्याची चांगली कादंबरी व्हायला हवी.

शेवटचा मुद्दा जड आहे, पण तो वगळून महाडात बालसाहित्यावर बोलणे खोटेपणाचे होईल. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचे पाणी बाजारपेठेत घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढले. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यातही साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथे दरडींनी माणसे नेली. तेव्हाची लहान मुले आज या मांडवात आहेत. त्यांना शेवटी सगळे गोड होणाऱ्या गोष्टी पुरत नाहीत. उत्तरेकडच्या कथांत देवांना आधीच कळलेले असते की शेवटची लढाई आपण हरणार आहोत. तरी ते रणात उतरतात. सगळे बुडते. मग पाण्यातून हिरवी जमीन पुन्हा वर येते आणि वाचलेल्यांना गवतात जुन्या खेळातल्या सोन्याच्या सोंगट्या सापडतात. या कथेत हानी लपवलेली नाही आणि खेळही पुन्हा सुरू होतो. आपल्या मुलांना असे लिहिणारे लेखक हवेत. संकटातून मुलाला घाईने बाहेर काढण्याची आपली जी सवय आहे, ती लेखकांनी सोडावी अशी माझी विनंती आहे. मुलांना भीती ठाऊक आहे. त्या भीतीत त्यांच्याबरोबर कुणी थांबले, एवढे त्यांना पुरते.

पोलादपूरच्या कित्येक वाड्यांतली घरे आता गणपती आणि शिमग्यालाच उघडतात. माणसे मुंबईला गेली, गोष्टी सांगणारी पिढी थकली. म्हणून शिक्षकांना माझे आवाहन आहे. या दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला एक वही द्या. आजी-आजोबांकडून डोहाची, देवाची, गडाची, भुताची एक तरी गोष्ट त्याने ऐकून लिहावी. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख खाली घालावी. शुद्धलेखन तपासू नका, बोली बदलू नका. पाचवी-सहावीच्या मुलांना त्यांतली एक गोष्ट निवडून, तिच्यात आपल्या वयाचे एक मूल घालून पुढे लिहायला सांगा. ज्या चांगल्या उतरतील त्या 'किशोर'कडे पाठवा. मुलांचे हे मासिक १९७१ पासून निघते आहे आणि तिथे अशा लेखनाचे स्वागत होईल, असा मला विश्वास आहे. वह्या शाळेच्या कपाटात, पुराचे पाणी पोचणार नाही अशा वरच्या खणात ठेवा.

आणि पुढे बसलेल्या मुलांनो, वही मिळण्याची वाट पाहू नका. आज घरी गेल्यावरच विचारायला सुरुवात करा.