आगीचा बंब



बंब म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे न्हाणीतला तांब्याचा बंब येतो. आज आम्ही दुसऱ्या बंबाविषयी बोलणार आहोत. तो रंगाने तांबडा. तो भोंगा वाजवीत येतो. एक बंब पाणी तापवतो, दुसरा आग विझवतो. नाव मात्र एकच!

आमच्या गावच्या एका वस्तीवर कडब्याची गंजी पेटली. उन्हाचे दिवस, वारा सुटलेला. गंजीला लागूनच गोठा. कुणीतरी तालुक्याला फोन केला. "आमच्या गावात आग लागलीय, लवकर या," एवढे बोलून ठेवून दिला. वस्ती कोणती, पेटले काय, काही सांगितले नाही. बंब वेळेवर निघाला आणि सरळ गावात गेला. वस्ती राहिली ओढ्यापलीकडे. फाट्यावर वाट दाखवायला माणूस नव्हता. बंब मागे फिरला, तर वस्तीच्या वाटेत ट्रॉली आडवी. तिचा मालक गंजीपाशी बादल्या ओतत होता.

पाणी पडले तेव्हा गोठा खाली बसला होता. बैल सोडले होते. गाय दाव्यालाच राहिली. घरातली म्हातारी बंबवाल्यांवर ओरडत होती. ते मुकाट्याने नळ्या गुंडाळत होते. दोष त्यांचा नव्हता. बादल्या घेऊन पळणाऱ्यांत आम्हीही होतो. फाट्यावर जाऊन उभे राहावे, हे एकालाही सुचले नाही.

पुढे आम्ही तालुक्याला जाऊन बंब नीट पाहिला. त्याच्या पोटात पाण्याची टाकी असते. मोठ्या बंबात सुमारे ४५०० लिटर पाणी मावते. म्हणजे १५ लिटरचे ३०० हंडे झाले. पुष्कळ वाटते ना? पण नळी जोरात सोडली, की दहा-बारा मिनिटांत टाकी रिकामी! टाकीशेजारी पंप असतो. गाडी उभी असली तरी इंजीन चालूच ठेवतात. आपल्या ट्रॅक्टरवर मळणीयंत्र फिरते ना, तसाच गाडीच्या इंजिनावर हा पंप फिरतो. नळ्या जाड कापडाच्या. पाणी नसले की चपट्या, पाणी आले की टणक. एक तुकडा साधारण ५० फुटांचा. तुकड्याला तुकडा जोडून लांब नेतात. नळीचे तोंड असे उसळते, की धरायला दोघे लागतात.

टाकी संपली की बंब विहिरीचे पाणी ओढतो. पण इथे एक मेख आहे. पंप फार तर २५ फुटांवरून पाणी ओढू शकतो. विहिरीचे पाणी त्याहून खाली गेले, तर काठावर उभा राहूनही बंब कोरडाच. उन्हाळ्यात आपल्या विहिरींचे काय होते, ते तुम्हाला सांगायला नको.

तेल पेटले तर पाणी चालत नाही. तेल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. तिथे फेस मारतात. विजेच्या आगीत आधी वीज तोडावी लागते. म्हणून काय पेटले, हे फोनवर आधी सांगायचे. नंबर १०१. ११२ वरही मदत मिळते.

या कामात जीव जातात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा, दोन्ही एकत्र. दुपारी धूर दिसला. बंब धावले. पण कापूस आत धुमसतो, अगदी आपल्या गंजीसारखा. वरून ओतलेले पाणी मुळाशी पोचेना. चार वाजून गेल्यावर जहाज फुटले. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. शेकडो माणसे मेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. शेवटपर्यंत ते नळ्या धरून होते. त्यांच्या आठवणीसाठी देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. बाबासाहेबांची जयंतीही त्याच दिवशी, त्यामुळे तारीख लक्षात राहते.

वस्तीवरची गंजीही तशीच निघाली. विझली म्हणून आम्ही झोपायला गेलो. पहाटे ती आतून पुन्हा पेटली. मग तिच्या पेंढ्या उपसून एकेक भिजवावी लागली.

नवी गंजी त्या घरच्यांनी गोठ्यापासून लांब रचली आहे. म्हातारीने स्वतः पावले टाकून जागा दाखवली. ट्रॉलीही आता रस्त्यात उभी नसते.