कूलर उघडण्याचा रविवार



होळी झाली की आपल्या वऱ्हाडात एक रविवार कूलरसाठी राखलेला असतो. गच्चीवरून किंवा माळ्यावरून कूलर खाली येतो, त्यावरचं पोतं निघतं आणि घरचे गृहस्थ पाना, पक्कड, टेस्टर घेऊन बाह्या सरसावतात. आतून आवाज येतो, "अवो, मिस्त्रीले बोलवा नं." त्याला उत्तरही घरोघरी एकच असतं, "काहून? इतल्याशा कामाले मिस्त्री कायले पायजे? मी आहो नं!"

या "मी आहो नं"चा मला मनापासून आदर वाटतो. वऱ्हाडातला माणूस हत्याराला भिणारा नाही. ज्याच्या वडिलांनी रात्रीच्या विजेवर ओलित करताना अंधारात विहिरीवरचा स्टार्टर उघडला, फवारणीचा पंप बांधावर बसून जोडला, तो शहरात येऊन नोकरदार झाला तरी ती सवय त्याच्या हातात राहते. शिवाय एप्रिलमध्ये मिस्त्री मिळतो कुठे? अकोल्यात काय, अमरावतीत काय, साऱ्यांचे कूलर एकाच आठवड्यात उघडतात. मिस्त्री "येतो" म्हणतो आणि चार दिवस येत नाही.

कूलर ही आपल्याकडे चैन नाही. मे 2024च्या अखेरच्या आठवड्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी 31 मेपर्यंत कलम 144 लागू केलं होतं. कामगारांना पिण्याचं पाणी आणि पंखे द्या, खासगी शिकवण्यांच्या वेळा बदला, असं त्या आदेशात होतं. जमावबंदीचं कलम उन्हासाठी लागतं, अशा गावात घरातला कूलर बंद राहून कसं चालेल?

तर काम सुरू होतं. जाळीचे नट गंजलेले असतात. एक निघतो, दुसरा नुसताच फिरतो, तिसऱ्याचं डोकं तुटतं. बाजारातून आणलेला पंप आखूड नळीचा निघतो, तो बदलायला पुन्हा गाडी काढायची. नवं गवत जाळीत भरताना अंगभर खाज सुटते. मुलगा पेचकस घेऊन उभा, बायको बॅटरी धरून उभी. "बॅटरी नीट धर नं वं, मले काही दिसून नाही राह्यलं!" सगळं जोडून बटण दाबलं की पंखा फिरतो, पण पाणी वर चढत नाही. मग मोटर उघडायची, कंडेन्सर तपासायचा, दुपारचं जेवण थंड होऊ द्यायचं. चार वाजता कळतं की पंपाच्या जाळीत मागच्या वर्षीचा गाळ अडकला आहे. तेव्हा बाई म्हणते, "मी सकायपासून तेच सांगून राह्यली." आणि ती खरंच सांगत असते. मागचा अख्खा उन्हाळा त्या टपात पाणी तिनंच भरलेलं असतं. कूलर कुठं कुरकुरतो, कुठं गळतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? नवरोबांनी पाना उचलण्याआधी तिला विचारलं तर निम्मा रविवार वाचेल.

बिघाडाचं मूळ पुष्कळदा आपल्या पाण्यात असतं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या बोअरचं खारं पाणी कूलरमध्ये घातलं की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. टपातलं पाणी दिवसागणिक जास्त खारट होतं, गवतावर पांढरा थर चढतो, पंपाची चकती अडकते, पत्रा गंजतो. म्हणून टपात नुसती भर घालत राहू नये. आठवड्यातून एकदा तो पूर्ण रिकामा करून घासून कोरडा करावा. डेंगीचे डासही त्यानं आटोक्यात राहतात.

आणखी एक चूक मी घरोघरी पाहतो. थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद करतात. कूलर गारवा देतो तो पाणी उडवून. एक लिटर पाणी उडताना हवेतली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता ओढून घेतं. तेवढंच पाणी चुलीवर उकळीपर्यंत आणायला याच्या आठवा हिस्सा पुरतो. पण त्यासाठी हवा कोरडी हवी. खोली बंद केली की ओल साचते आणि अंग चिकचिकतं. मोटरीचा दोष नसतो. समोरची खिडकी उघडा, निम्मी तक्रार मिटेल.

इथवर सारं हसतखेळत चाललं. आता जे सांगायचं आहे, त्यासाठीच मी आज इथे आलो आहे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून माणसं मरतात. पत्र्याचा कूलर, खाली ओली फरशी, अनवाणी पाय आणि ओला हात. त्यात खारं पाणी वीज अधिक सहज वाहून नेतं. आपण रविवारी काय करतो? तीन पिनांचा प्लग बसत नाही म्हणून अर्थिंगची मोठी पिन तोडतो. प्लगच नसला तर वायरची टोकं काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचतो. कापलेल्या वायरला चिकटपट्टी गुंडाळतो. कूलर सुरू झाला, पोरं टाळ्या पिटतात. सोमवारी गृहस्थ ऑफिसला जातात. दुपारी बादली घेऊन त्या कूलरपाशी कोण जातं? घरची बाई, नाहीतर सुट्टीतलं लेकरू. आपल्या दुरुस्तीची परीक्षा त्यांच्या ओल्या हातावर होते.

पुष्कळांना वाटतं की घरात एमसीबी आहे, ती पडेल. एमसीबी वायर वाचवते. माणसाचा जीव घ्यायला जेवढी वीज पुरते, तेवढ्यानं ती पडत नाही. त्यासाठी आरसीसीबी बसवावी लागते. मिस्त्री लोक तिला ईएलसीबीही म्हणतात. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहात 30 मिलिअँपिअरचा फरक पडला तरी ती क्षणात वीज तोडते. सोबत घराचं अर्थिंग धड हवं. ही दोन्ही कामं परवानाधारक वायरमनची आहेत. तो उशिरा आला तरी त्याची वाट पाहा.

बाकी गवत बदला, पंप धुवा, चाक नीट करा, रंग द्या. ते सगळं स्वतः करा, मुलामुलींना सोबत घेऊन करा. मात्र यंदा कूलर उघडाल तेव्हा आधी प्लग काढा. आणि घरातल्या प्रत्येकाला, अगदी लहानग्यालाही बजावून ठेवा: बटण बंद, प्लग बाहेर, पायात चप्पल, मगच पाणी.