खडक, बिट आणि झीज



संयोजकांनी मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोला असं सुचवलं होतं. त्यावर बोलणारे आता गल्लोगल्ली भेटतात, म्हणून मी विषय बदलून मागितला. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण गेली काही वर्षं माझं काम आहे खोल विवरं खणणाऱ्या रिगवरून येणारे आकडे वाचण्याचं. आमच्या धंद्यात बिट म्हणजे शून्य किंवा एक. रिगवर बिट म्हणजे पाइपांच्या लांबलचक माळेच्या टोकाला बसवलेलं, खडक फोडणारं हत्यार. आज बोलणार आहे ते या दुसऱ्या बिटबद्दल.

आपण कोयनेच्या खोऱ्यातली माणसं. घराच्या पायापासून शेताच्या बांधापर्यंत काळा खडकच. तो फोडायचं शास्त्र पाथरवटांना पुस्तकाशिवाय येत होतं. विहिरीत सुरुंगासाठी भोक पाडताना एक जण पहार धरायचा, दुसरा घण घालायचा. प्रत्येक घावानंतर धरणारा पहार थोडीशी फिरवायचा. मग भोकात पाणी ओतून लांब दांड्याच्या पळीनं चिखल उपसायचा. फोडणं, फिरवणं, उपसणं. आजची कोट्यवधींची रिगही हेच करते.

फिरवायचं कशाला? खडक दाबाला चिवट असतो, पण ताणाला लवकर तुटतो. ताणाखालची त्याची ताकद दाबाखालच्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी. टोक रुतलं की त्याच्या खाली पीठ होतं, आणि बाजूला तडा जाऊन कपची उडते. त्याच जागी पुन्हा घाव घातला तर पिठाचंच पीठ होतं. टोक थोडं सरकलं की नवी कपची मिळते. पहार धरणाऱ्याला लोक हलकं काम करणारा समजायचे. माझ्या मते अर्धं कसब त्याच्याच मनगटात होतं.

यंत्रानं सलग फिरवून खणायची पद्धत अमेरिकेत टेक्सासमध्ये नावारूपाला आली. १९०१ च्या जानेवारीत स्पिंडलटॉपला तेलाचा प्रचंड फवारा उडाला, तो अशाच फिरत्या रिगवर. पण तिथला बिट होता माशाच्या शेपटीच्या आकाराचा, पोलादी पात्यांचा. तो खरवडायचा. वाळूत, मातीत उत्तम. खडक लागला की पाती बोथट, आणि विहीर सोडून द्यायची.

हॉवर्ड ह्यूजेस यांनी १९०९ साली पेटंट घेतलं ते वेगळ्याच कल्पनेचं. पात्यांऐवजी दोन दातेरी शंकू. पाइप फिरला की शंकू तळावर लोळतात आणि एकेक दात वजनानं खडकात रुततो. म्हणजे फिरवणं वरून, पण फोडणं पाथरवटाच्या पद्धतीचं, दाबून. पहिल्या चाचणीत या बिटनं ११ तासांत १४ फूट खडक कापला. आज ऐकायला हळू वाटतं, पण त्याआधी तो खडक कापलाच जात नव्हता. ह्यूजेस यांनी बिट विकले नाहीत, भाड्यानं दिले. वापरून झाला की परत करायचा. आमच्या धंद्यात याला आता सबस्क्रिप्शन म्हणतात आणि आपणच शोध लावल्यासारखे वागतात. त्यांचा मुलगा, विमानं आणि सिनेमावाला ह्यूजेस, जगाला जास्त ठाऊक. त्याच्या उड्डाणांना पैसा पुरवला तो या दातेरी शंकूंनी.

१९३३ मध्ये त्याच कंपनीच्या इंजिनिअरांनी तीन शंकूंचा बिट आणला. एका शंकूचे दात दुसऱ्याच्या खाचांतून फिरतात, त्यामुळे अडकलेला चिखल आपोआप खरवडला जातो. मऊ खडकासाठी शंकूंचे अक्ष मुद्दाम थोडे तिरके ठेवतात, म्हणजे दात लोळता लोळता थोडे घसटतातही. कठीण खडकासाठी तो तिरकेपणा जवळजवळ काढून टाकतात आणि दात आखूड करतात. १९५१ पासून पोलादी दातांच्या जागी टंगस्टन कार्बाइडची बटणं आली.

पण माझं मन रमतं ते बेअरिंगपाशी. भोकाचा व्यास ठरलेला. साडेआठ इंच म्हणजे साडेआठ इंच. त्या जागेत तीन शंकू, त्यांचे दात आणि आत बेअरिंग बसवायचं. दात मोठे केले तर बेअरिंगला जागा उरत नाही. बेअरिंग मोठं केलं तर शंकूची भिंत पातळ होते. त्यावर टनावारी वजन, आणि भोवती दगडाच्या पिठानं भरलेला चिखल. मुंबईतल्या वन-रूम-किचनमध्ये ज्यांनी संसार मांडलाय त्यांना हे डिझाइन समजावून सांगायची गरज नाही.

मग १९७० च्या दशकात कृत्रिम हिऱ्याच्या चकत्यांचा बिट आला. त्यात हलणारा भागच नाही, म्हणून बेअरिंगची कटकटच संपली. चकत्या खडक खरवडतात. म्हणजे फिरून पुन्हा माशाच्या शेपटीकडे, फक्त धार हिऱ्याची. तेलविहिरींतली बरीचशी खुदाई आता यानंच होते. मग आपल्याकडेही तोच का लावू नये, असं मला नेहमी विचारतात. त्या चकतीत हिऱ्याचे कण कोबाल्टच्या मदतीनं जोडलेले असतात. घर्षणानं ती सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या वर तापली की तेच कोबाल्ट हिऱ्याचा घात करतं. ते हिऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं, शिवाय हिऱ्याचं ग्रॅफाइट व्हायला मदत करतं. आणि चकती ठिसूळ. आपला दख्खनचा खडक म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. मध्येच घट्ट काळा पाषाण, मध्येच सच्छिद्र, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा. मऊतून अचानक कठीणात शिरताना चकतीची कड उडते.

सगळ्यात मजेशीर बिट मात्र वेगळाच. खडकाचा अखंड नमुना, दंडगोलासारखा, वर काढायचा असेल तर कडीच्या आकाराचा बिट वापरतात. त्याच्या धातूत हिऱ्याचे बारीक कण वरपासून खालपर्यंत मिसळलेले असतात. आता सांगा, खडक जितका कठीण, तितका हा धातू कठीण हवा की मऊ? मी हे कॉलेजच्या मुलांना विचारते तेव्हा वर्ग एकमुखानं कठीण म्हणतो. उत्तर आहे मऊ. कठीण, बारीक पोताच्या खडकात वरचे हिरे गुळगुळीत होतात. धातू वेळेवर झिजला नाही तर खालचे ताजे हिरे उघडे पडतच नाहीत आणि बिट नुसता घासत बसतो. उलट रेताड, खरखरीत खडक धातूला भराभर खातो, तिथे कठीण धातू लागतो. म्हणजे बिट झिजतो हा दोष नाही. किती वेगानं झिजावं, हेच डिझाइन. निरोप समारंभात शिक्षकांना 'चंदनासारखे झिजले' म्हणायची आपली पद्धत आहे. समोर बसलेल्या बाईंना ती कधीच आवडली नाही, म्हणून तुलना इथेच सोडते.

असे अखंड नमुने आपल्याच भागात काढले गेले. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आपल्यापैकी थोड्यांनी पाहिला, पण ऐकला सगळ्यांनी. दीडशेहून अधिक माणसं गेली. जलाशयाशी जोडल्या जाणाऱ्या भूकंपांचं मूळ जवळून पाहावं म्हणून कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा उभी राहिली. आधी बरीच लहान विवरं घेतली आणि मग पाटण तालुक्यात गोठण्याला ३ किलोमीटर खोलीचं विवर पाडलं. तिथे सुमारे सव्वा किलोमीटर काळा खडक, आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा, अडीचशे कोटी वर्षांहून जुना खडक. लहानपणी रात्री भांडी वाजायची आणि आई आम्हाला अंगणात न्यायची, ते हलणं या दुसऱ्या खडकातून यायचं.

एवढ्या खोलीवर प्रश्न एकच असतो: बिट बदलायचा की नाही? बदलायचा तर तीन किलोमीटर पाइप तुकड्या-तुकड्यांनी वर काढायचा आणि परत सोडायचा. दिवसाचा बराचसा वेळ त्यातच. नाही बदलला आणि बेअरिंग गेलं, तर शंकू तळाशी तुटून पडतो. मग तो चुंबकानं किंवा टोपलीसारख्या साधनानं शोधत बसायचं. आणि खणण्याचा वेग कमी होतो तेव्हा कारण सांगून होत नाही. खडक कठीण झाला असेल, बिट बोथट झाला असेल, किंवा दातांत चिखल बसला असेल. वेगाचा आकडा तिन्हीत सारखाच पडतो.

इथे माझं काम सुरू होतं. १९६५ साली टील यांनी एक साधं माप मांडलं: ठरावीक घनफळाचा खडक काढायला किती ऊर्जा खर्च झाली? बिट उत्तम चालत असेल तर हा आकडा खडकाच्या दाबाखालच्या ताकदीच्या आसपास येतो. त्याच्या कितीतरी पट वर गेला, तर ऊर्जा फोडण्यात जात नाही. घासण्यात, थरथरण्यात, पिठाचं पीठ करण्यात जाते. वजन, फेरे, पिळाचा जोर आणि वेग, या चारांवरून आमचा प्रोग्रॅम हे क्षणोक्षणी काढतो. पाइपांची लांब माळ स्प्रिंगसारखी पिळवटते. तळाशी बिट अडतो, मग सुटून दुप्पट वेगानं फिरतो. वरून पाहणाऱ्याला सगळं शांत दिसतं. जुने ड्रिलर ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवून हे ओळखायचे. त्यातल्या एकानं मला सांगितलं, "मॅडम, तुमचा ग्राफ बरोबर आहे, फक्त माझ्या तळहातापेक्षा थोडा उशिरा येतो." मी तो उशीर मोजला आणि नंतरच्या आवृत्तीत कमी केला.

आता तुमच्या कामाचं. आपल्या शेतात बोअर मारणारी गाडी शंकूंचा बिट वापरत नाही. कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा हॅमर बिटच्या डोक्यावरच बसलेला असतो. तो मिनिटाला हजाराहून जास्त घाव घालतो आणि रिग बिटला सावकाश फिरवते. पहार धरणारा आणि घण घालणारा, दोघंही एका नळीत. या बिटच्या सगळ्यात बाहेरच्या ओळीची बटणं आधी झिजतात, कारण प्रत्येक फेऱ्यात त्यांनाच लांबचं अंतर कापावं लागतं आणि भोकाची भिंतही त्यांनाच घासते. ती झिजली की भोक खाली खाली अरुंद होत जातं. मग नवा बिट मध्येच अडकतो, केसिंग पूर्ण उतरत नाही, पुढे पंप बसवताना रडारड होते. चपट्या झालेल्या बटणांनी खणणं हळू होतं आणि डिझेल जास्त जळतं. बटणं वेळेवर घासून पुन्हा गोल करून घेता येतात, पण घाईच्या हंगामात ते टाळलं जातं.

तेव्हा गाडी दारात आली की रॉड जोडायच्या आधी बिट बघायला मागा. फुटपट्टी किंवा टेप घेऊन व्यास मोजा आणि बाहेरच्या बटणांवरून अंगठा फिरवा. गोल लागली तर ठीक, सपाट लागली तर दुसरा बिट मागा. गाडीवाला हसेल, हसू दे. फुटाचे पैसे तुम्ही देणार आहात. असा एक वापरलेला बिट मी आणलाय, तिथे टेबलावर ठेवलाय. जड आहे, मुलांनी दोन्ही हातांनी उचला. बाहेरची कोणती बटणं गेलीत ते तुम्हीच शोधा, आणि जेवायला बसायच्या आधी मला येऊन सांगा.