बी झोपलंय की मेलंय?

मागच्या भागात बोलता बोलता मी म्हणालो होतो की एका वर्षी आमच्या शेतात सोयाबीन उगवलंच नाही. बऱ्याच जणांनी विचारलं, का? तर आज तेच.

जून २०२०. ऑफिस बंद, मी लॅपटॉप घेऊन गावी. पेरणी झाली, पाऊसही झाला, पण आठ दिवसांनी बघतो तर निम्मंसुद्धा उगवलेलं नाही. त्या वर्षी महाराष्ट्रात ठिकठिकाणी हीच ओरड होती. आप्पांना दुबार पेरणी करावी लागली, म्हणजे बियाण्याचा खर्च डबल. मी रात्री नेटवर वाचत बसलो, की बी रुजत का नाही?

त्यात एक भारी गोष्ट सापडली. अरॅबिडॉप्सिस नावाचं मोहरीच्या कुळातलं एक छोटं रोपटं आहे, प्रयोगशाळांचं लाडकं. त्यातल्या एका जीनचं नाव आहे 'कोमाटोज'. हा जीन बिघडला की बी जणू कोमात जातं. जिवंत असतं, पण पाणी दिलं तरी रुजत नाही.

हा जीन बनवतो एक दार. पेशीत पेरॉक्सिसोम नावाची छोटीशी भट्टी असते, तिथे बियातल्या तेलाची फॅटी ॲसिड्स मोडली जातात. त्यांना आत सोडणारं हे दार. दार बंद म्हणजे तेल जळत नाही, इंधन नाही. मग वरून साखर द्या ना! दिली. नुसत्या साखरेनं काही झालं नाही. म्हणजे भानगड इंधनापुरती नव्हती.

२०११ मध्ये एक शोधनिबंध आला. या बियांमध्ये ओपीडीए नावाचा रेणू नेहमीपेक्षा जास्त साठलेला सापडला. तो बनतो अल्फा-लिनोलेनिक ॲसिडपासून. हो, जवसाच्या चटणीत असतं तेच! ओपीडीएपासून पुढे जॅस्मोनिक ॲसिड तयार होतं, आणि तेही या बियांत वाढलेलं होतं. मग गुन्हेगार कोण? त्यांनी केलं ते आपण डीबगिंगला करतो तसंच. या साखळीतले वेगवेगळे जीन बंद असलेल्या झाडांशी कोमाटोजचा संकर केला आणि कुठे फरक पडतो ते बघितलं. उत्तर निघालं ओपीडीए. ॲब्सिसिक ॲसिड हे बियाला झोपवणारं हार्मोन, त्याच्या जोडीला ओपीडीए आलं की ब्रेक आणखी घट्ट लागतो. म्हणजे तेल हा नुसता डबा नाही, त्यातूनच 'अजून थांब' असा निरोपही निघतो.

सकाळी मी जोशात, "आप्पा, आपल्या बियाण्याचं असंच काहीतरी झालं असणार!"

आप्पांनी सरीतला एक दाणा उकरून अंगठ्यानं दाबला. पिचकन फुटला, वास आला. म्हणाले, "झोपलेलं बी असं कुजतंय व्हय रे?"

संपलं माझं संशोधन. २०१९ च्या ऑक्टोबरात सोयाबीन ऐन काढणीत भिजलं होतं. त्याची साल पातळ, मळणीत मार बसला की आतला कोंब जायबंदी. आमचं बी झोपलेलं नव्हतंच, मेलेलं होतं. आणि मेलेल्याला कुठला रेणू उठवणार? मी आदल्या रात्री ते पेपर वाचले, पण शेतात जाऊन एक दाणा उकरायचं काही सुचलं नाही, बघा.

पुढच्या मे महिन्यात आम्ही ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवले. ७० उगवले तर बियाणं पास. मोजायचं काम माझ्याकडे. ६४ निघाले. आप्पा म्हणाले, "पुन्हा मोज." पुन्हा ६४. मग त्या हिशोबानं एकरी बियाणं वाढवलं.