सरकारी वकिलाचे बिल



सरकारी वकिलांच्या परिषदेत अध्यक्षाने व्यवसायाच्या थोरवीवर बोलावे, असा रिवाज आहे. मी पैशांवर बोलणार आहे. आपल्या परिषदांत हा विषय चहाच्या वेळी रंगतो आणि ठरावात एका ओळीत उरकतो.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्हा न्यायालयात पाहा. दंडाधिकाऱ्यांपुढे उभा असलेला सहायक सरकारी अभियोक्ता लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन आलेला असतो. तो गृह विभागाचा आणि पगारी. त्याच आवारात सत्र न्यायालयात खुनाचा खटला चालवणारा सरकारी वकील मात्र विधी व न्याय विभागाने, १९८४च्या विधी अधिकारी नियमांखाली, मुदतीपुरता नेमलेला आणि फीवर काम करणारा. चोरीच्या खटल्याला पगार आणि खुनाच्या खटल्याला बिल! ही व्यवस्था कुणी विचार करून आखली असेल, असे मला वाटत नाही. ती साचत गेली आहे.

ते बिल जरा जवळून पाहू. महिनाअखेरीस तारखा रोजनाम्याशी ताडायच्या, कामकाज झालेले दिवस वेगळे काढायचे, कागद वर पाठवायचे. मग कधी त्रुटी निघते, कधी ‘अनुदान उपलब्ध नाही’ असा शेरा येतो. साक्षीदार तपासला त्या दिवसाची फी मिळते. आदल्या रात्री जाडजूड दोषारोपपत्र वाचले, समन्स बजावले की नाही हे पाहायला पोलीस ठाण्याला चार फोन केले, मुद्देमाल वेळेत यावा म्हणून हवालदाराच्या मागे लागलो, यासाठी बिलात रकानाच नाही. खटला उभा राहतो तो मात्र या बिनरकान्याच्या कामावर.

हा प्रश्न केवळ आपल्या खिशाचा असता, तर मी तो संघटनेच्या बैठकीसाठी ठेवला असता. तो अभियोक्त्याच्या स्वातंत्र्याचाही आहे. १९५८ साली विधी आयोगाने चौदाव्या अहवालात अभियोग पक्ष पोलिसांपासून वेगळा करा, असे सांगितले. आपल्या राज्यात त्यासाठी शहाणे खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, तेव्हा सहायक अभियोक्त्यांचा स्वतंत्र संवर्ग करण्याचे ठरले. माणसे वेगळी झाली, तिजोरीची किल्ली मात्र सरकारी खात्यांकडेच राहिली. उत्तर प्रदेश सरकारने १९९० साली सगळ्या जिल्ह्यांतल्या सरकारी वकिलांना एका परिपत्रकाने घरी पाठवले होते. श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. पण असे करावेसे वाटले, यातच सगळे आले.

आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६० वाचा. खटला मागे घ्यायचा की नाही, हे सरकारी वकिलाने स्वतःच्या बुद्धीने ठरवायचे आहे. ज्याची मुदतवाढ आणि थकलेले बिल दोन्ही सरकारच्याच टेबलावर पडून आहेत, त्याच्या बुद्धीवर किती भार असेल? मंत्री बदलला की आपल्यातले किती जण फोन चाचपतात, हे इथे सांगायची गरज नाही.

पैसा कुठून येतो, यालाही महत्त्व आहे. मुकुल दलाल प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विशेष सरकारी वकिलाची फी सामान्यतः शासनाच्या निधीतूनच जावी. अपवाद म्हणून खासगी पक्षाकडून घ्यायची झाल्यास ती सरकारी यंत्रणेकडे जमा व्हावी. फिर्यादीच्या हातून थेट वकिलाच्या हाती नाही. तत्त्व साधे आहे : ज्याचा खटल्यात हितसंबंध, त्याच्या हाती वकिलाची फी नसावी. सरकार हाही पुष्कळदा असाच पक्ष असतो, एवढेच मी त्यात जोडतो.

आपल्यासमोर बसणाऱ्या न्यायाधीशांचे वेतन कसे ठरते? १९९६ साली शेट्टी आयोग आला, पुढे रेड्डी आयोग आला, आणि अंमलबजावणीवर सर्वोच्च न्यायालयाने स्वतः लक्ष ठेवले. आपल्यासाठी असा आयोग नाही. राज्यात निवृत्त उच्च न्यायालय न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली स्थायी वेतन समिती हवी. तिने दंडाधिकारी आणि सत्र अशा दोन्ही न्यायालयांतल्या अभियोक्त्यांचे वेतन एकत्र पाहावे, तयारीच्या कामाचे मोल धरावे आणि दोषसिद्धीच्या टक्केवारीशी एक रुपयाही बांधू नये. शिक्षेवर बक्षीस मिळू लागले, तर आरोपीच्या बाजूचा कागद न्यायालयापुढे ठेवायला कोण धजेल?

निधीच्या प्रश्नाचे उत्तर राज्यघटनेत आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे वेतन अनुच्छेद २०२नुसार राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असते. विधिमंडळात त्यावर चर्चा होते, मतदान होत नाही. कायदा करून इतर खर्चही भारित ठरवण्याचा अधिकार त्याच अनुच्छेदाने विधिमंडळाला दिला आहे. वित्त विभाग म्हणेल, उद्या सगळेच मागतील. मागू देत. फौजदारी खटल्यात राज्याच्या वतीने सगळेच उभे राहत नाहीत.

बदल्यात आपल्यालाही काही सोडावे लागेल. पूर्णवेळ पगार हवा असेल, तर खासगी प्रॅक्टिसचे दार पूर्ण लावून घ्यावे लागेल. मागच्या रांगांतली कुजबुज ऐकू येते आहे. तरीही दोन्ही हातांनी घ्यायचे असेल, तर ही मागणी करूच नये.

दुपारी मांडायच्या वेतनाच्या ठरावातून ‘शासनाने सहानुभूतीपूर्वक विचार करावा’ हे शब्द काढावेत, अशी माझी सूचना आहे. त्याजागी वेतन समिती आणि भारित खर्च यांसाठीच्या विधेयकाचा मसुदा जोडू आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी तो सर्व पक्षांच्या आमदारांना देऊ. मसुदा समितीवर काम करू इच्छिणाऱ्यांनी आपली नावे चार वाजेपर्यंत सचिवांकडे द्यावीत.