स्वागताध्यक्षांचे भाषण

सन्माननीय अध्यक्षमहाशय, विद्वान प्रतिनिधी, भगिनींनो आणि बंधूंनो,

यमुनेच्या पूर्वतीरावरील आमच्या नोएडा नगरीत मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. 1976 साली वसलेल्या नगरीला इतिहास तो कसला, असे दिल्लीकर म्हणतात. परंतु जेथे आज गोल्फचे मैदान आहे, त्या परिसरात 11 सप्टेंबर 1803 रोजी दौलतराव शिंद्यांची फौज लुई बूर्कँ या फ्रेंच सरदाराच्या हुकमतीखाली मोर्चे बांधून उभी होती, जनरल लेकच्या घोडदळाने माघारीचे सोंग केल्यावर ती मोर्चे सोडून पुढे धावली, आणि त्या एका संध्याकाळी दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली. मैदानातला स्मृतिस्तंभ लेकचा विजय सांगतो. पडलेल्या आपल्या गोलंदाजांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत. उद्या सकाळी तेथे जाण्यासाठी वाहनांची तजवीज केली आहे. प्रतिनिधींनी अवश्य यावे.

त्या जखमींचे वाहून गेलेले रक्त भरून देण्याची विद्या तेव्हा कोणापाशी नव्हती. आज ते प्लास्टिकच्या पिशवीत साठविता येते; पण मुळात ताठर असलेल्या पीव्हीसीला मऊपणा आणणारे डीईएचपी हे द्रव्य हळूहळू रक्तात उतरते, आणि तेच तांबड्या पेशींचे आवरणही सांभाळते, म्हणून त्याला सरसकट हद्दपार करणे सोपे नाही. आमच्या मंडळातील एका संशोधक भगिनींनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले: प्लास्टिकचा तुकडा 37 अंशांवर 24 तास द्रवात ठेवून तो अर्क उंदराच्या एल-929 पेशींवर घातला, की निर्दोष प्लास्टिकच्या अर्कात त्या पसरून चिकटून राहतात, आणि सदोष प्लास्टिकच्या अर्कात गोल होऊन सुटून तरंगू लागतात. येथील सेक्टर 62 मधील राष्ट्रीय जैविक संस्थेकडे रक्त दिल्यावर उद्भवणाऱ्या अनिष्ट प्रतिक्रियांची देशभरची नोंद 2012 पासून येते, याचा आम्हा नगरवासीयांस अभिमान आहे. अधिक बोलण्याचा माझा अधिकार नाही.

बंदोबस्तात उणिवा राहिल्या आहेत. निवासाची सोय विभागून करावी लागली. धुक्याने गाड्या खोळंबल्याने कित्येकांना स्थानकावर रात्र काढावी लागली, त्यांची मी हात जोडून क्षमा मागतो. रजया अपुऱ्या पडताच शेजारच्या पंजाबी कुटुंबांनी घरातल्या रजया न मागता आणून दिल्या, टिकरी कलाँच्या बाजारातील प्लास्टिक दाण्याच्या व्यापाऱ्यांनी नाव जाहीर न करण्याच्या अटीवर भोजनखर्चाचा मोठा भार उचलला, आणि पहाटे चारपासून पोळ्या लाटणाऱ्या आमच्या भगिनींनी परक्या शहरात आपणांस घरचे अन्न मिळावे म्हणून झोप मोडली. या सर्वांचा स्वागत-मंडळ आजन्म ऋणी आहे.

आता अध्यक्षमहाशयांनी आसनस्थ होऊन परिषदेच्या कामकाजास प्रारंभ करावा, अशी मी त्यांना विनंती करतो.