घर घेण्याआधी कागद वाचा



आपली मुलं मुंबईला नोकरीला जातात. पुढं कल्याण, वसईकडं घर बघतात. त्या घरापायी गावचं शेत विकावं लागतं. म्हणून आम्ही सांगतो, पैसे देण्याआधी तीन कागद वाचा.

पहिला, जमिनीचा सातबारा. सिटी सर्व्हे झाला असेल, तर मिळकत पत्रिका. मालक कोण? बँकेचा बोजा आहे का? जमीन बिगरशेती आहे का?

दुसरा, मोजणीचा नकाशा. प्लॉट घेताना तो हवाच. तो भूमी अभिलेख कार्यालयाचा असावा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. नकाशातल्या हद्दी जागेवर जाऊन पाहा.

तिसरा, महारेराचा नोंदणी क्रमांक. नव्या मोठ्या इमारतीला तो २०१७ पासून लागतो. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या शेकडा दहापेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. करारात खोल्यांचं आतलं माप लिहिलेलं असावं.

कुणी म्हणेल, "सगळं ठीक आहे, सही करा." तुम्ही म्हणा, "दादा, कागद घरी नेऊन वाचतो." जो कागद वाचू देत नाही, त्याचं घर घेऊ नका. आपण अक्षरं शिकलो, ती याच कामासाठी.